वनहक्काचा दावा: ग्रामसभेचं ऐकायचं की उपग्रहाचं?

रानवाट (इंदूर): 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून कसत असलेली वनजमीन, चार हेक्टरपर्यंत, आदिवासी कुटुंबाच्या हक्काची, असं 2006 चा कायदा सांगतो. दाव्याची पहिली तपासणी ग्रामसभेची. फेब्रुवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नामंजूर दावेदारांना हटवायला सांगितलं आणि पंधरा दिवसांत तो आदेश थांबवला. एकट्या मध्य प्रदेशात असे साडेतीन लाखांच्या आसपास दावे होते! मग फेरतपासणी आली ती ‘वनमित्र’ पोर्टलवर. झाबुआ-बडवानीच्या फलियांत, म्हणजे पाड्यांत, रेंज मिळाली तर नशीब. माझं म्हणणं एवढंच, की शेत 2005 च्या आधीचं आहे का हे ठरवताना आधी ग्रामसभेचा ठराव, मग उपग्रहाचा फोटो.

नर्मदातीर: आणि बऱ्हाणपूर जिल्ह्यातलं नेपानगर? 2022-23 मध्ये तिकडे जंगल कापून शेतं काढली, ते विसरलात? उद्या त्यावरही दावे येतील. फोटोला भाऊबंद नसतात, साहेब. आपण इंदूरकर जलूदहून आणलेलं नर्मदेचं पाणी पितो; जंगल गेलं तर नदीत काय राहणार?

रानवाट: 2022 ची तोड कायद्याच्या 2005 च्या मुदतीत बसतच नाही. शिवाय त्या तोडीविरुद्ध बऱ्हाणपुरात धरणं धरलं ते तिथल्या आदिवासींनीच.

कोर्टकचेरी: नियम वाचा हो कुणीतरी. गावातल्या वडीलधाऱ्यांचा जबाब, जुने बांध, विहिरी हे सगळं पुरावा म्हणून चालतं. 2012 च्या दुरुस्तीत तर स्पष्ट आहे: उपग्रहाचा फोटो जोडीला घ्या, इतर पुराव्याच्या जागी नाही. मोहाची झाडं राखून केलेलं शेत वरून जंगलच दिसणार.

पलासियावाली: +1. गेल्या पिढीत वनखात्यानं कितीदा दंड केला, त्या पावत्यासुद्धा पुरावाच आहेत. गंमतच आहे.

नर्मदातीर: ताई, पावत्या ठीक. पण ग्रामसभेत काकाचा दावा पुतण्या नाकारेल का? आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या पेसा कायद्याचे नियम आपल्याकडे नोव्हेंबर 2022 मध्ये आले, तरी कितीतरी ठिकाणी सभा सचिवाच्या रजिस्टरातच भरते.

कोर्टकचेरी: शंका असेल तर उपविभागीय समितीनं दावा ग्रामसभेकडे परत पाठवावा, नाकारला तर लेखी कारण द्यावं. मी पाहिलेल्या एका नामंजुरीत कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता: ‘अपात्र’.

नर्मदातीर: लेखी कारण हवंच, मान्य. पण फोटो सभेपुढेच ठेवा, ठरावाच्या आधी. नंतर नाही.