मदत हवी आहे : स्कूबी-डूमधलं चमकणारं शेवाळ खरं असतं का?

मंडळी, सागरी जीवशास्त्रातलं कुणी आहे का इथे?

माझा भाचा सध्या 1969 सालचं जुनं स्कूबी-डू कार्टून बघतोय, हॅना-बार्बेरा कंपनीची मूळ मालिका. त्यातला दुसराच भाग कॅप्टन कटलरच्या भुताचा. जुन्या पद्धतीचा पाणबुड्याचा जाडजूड पोशाख, डोक्यावर धातूचं गोल शिरस्त्राण आणि अंगभर हिरवट चमकणारं शेवाळ. समुद्रातून वर येतो, जड पावलं टाकत चालतो, ओल्या पावलांचे ठसेही चमकतात. (अख्ख्या मालिकेत इतकं देखणं भूत दुसरं नाही, हे माझं ठाम मत.) शेवटी नेहमीप्रमाणे आत माणूसच निघतो. मेला म्हणून समजलेला कटलर स्वतःच, नौका चोरणारा.

भुताची भीती गेली, पण पोरगं आता शेवाळाला धरून बसलंय. आपल्या कोकण किनाऱ्यावर रात्री लाटा निळ्या चमकतात त्या नॉक्टिल्युकामुळे, एवढं मी त्याला सांगितलं. पण तो एकपेशीय जीव पाणी ढवळलं की क्षणभर चमकतो, सतत नाही. मग पोशाखाला चिकटून, पाण्याबाहेर, तेही तासन्‌तास चमकत राहील असं काही शेवाळ किंवा जिवाणू खरंच आहे का? की ही निव्वळ चित्रकारांची करामत?

आणि घरी करता येईल असा एखादा सुरक्षित प्रयोग सुचवा ना. वय वर्षं आठ, प्रश्न थांबत नाहीत.