राष्ट्रगीताला उभं राहायला लावावं का? टॉकीजमधल्या एका प्रसंगावरून

धरमपेठकर
गेल्या रविवारी आपल्या नागपुरातल्या एका टॉकीजमध्ये पिक्चरआधी राष्ट्रगीत लागलं. पुढच्या रांगेत सत्तरीच्या एक बाई बसूनच होत्या. खुर्चीला काठी टेकवलेली, पण अंधारात ती कोणाला दिसणार? मागून दोन पोरं ओरडली, "काकू, उठा! भारतात राहता ना?" बाई थरथरत उभ्या राहिल्या. ते 52 सेकंद माझं लक्ष त्यांच्या हातांवरच होतं.

2016 च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टाने टॉकीजमध्ये राष्ट्रगीत सक्तीचं केलं होतं, तेव्हाही अपंगांना सूट होती. जानेवारी 2018 मध्ये ती सक्तीही कोर्टाने मागे घेतली. मग त्या पोरांना हा अधिकार दिला कोणी?

माझी पुतणी डेन्मार्कला असते. तिथे वाढदिवसाच्या केकवर देशाचे छोटे झेंडे खोचतात, ख्रिसमसच्या झाडावर झेंड्यांची माळ लावतात. स्वतःचा झेंडा जाळला तर तिथे गुन्हा नाही, परक्या देशाचा जाळला तर आहे! म्हणून डॅनिश लोकांचं झेंड्यावरचं प्रेम आटलं असं काही नाही. आपणच झेंड्याला भीतीच्या जागी नेऊन ठेवलंय.

कामठीहून
डेन्मार्कची गोष्ट मला पटत नाही. मी फौजीच्या घरातली. माझ्या काकांची शवपेटी तिरंग्यात गुंडाळून घरी आली. अग्नी द्यायच्या आधी जवानांनी तो उतरवला, घडी घातली आणि काकूच्या हातात दिला. तिरंगा चितेवर जाळायचा नाही, असा नियमच आहे. ती घडी आमच्या कपाटात आहे. केकवर खोचलेला झेंडा बघून मला काय वाटेल, सांगा. दीडशे वर्षं परक्याचा झेंडा डोक्यावर सोसला, त्या देशाने आपला झेंडा जरा उंचावर ठेवला तर त्याला भीती म्हणू नका. त्या बाईंवर ओरडणं चूकच. पण धडधाकट माणूस पॉपकॉर्न खात बसून राहिला, तर मी बोलणार.

हिंगणा रोडवाला
ताई, तुमच्या काकांले नमस्कार. पण बोलाचं काहून? मी कंपनीच्या कामानं अमेरिकेत दोन वर्षं होतो. तिथं घराघरावर झेंडा, अन् तिथंच 1989 मधे त्यांच्या कोर्टानं सांगतलं का झेंडा जाळनं हे मत मांडनं आहे, त्याच्यासाठी शिक्षा देता येत नाही. त्याईच्या फौजेत काय कमी लोक मेले? तरी कोर्टानं तसंच ठरवलं.

कामठीहून
आणि तिथेच 2016 मध्ये कॅपरनिक नावाचा अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू राष्ट्रगीताला गुडघ्यावर बसला. पुढच्या वर्षीपासून त्याला एकाही संघाने घेतलं नाही. कोर्टाने सोडलं तरी लोक सोडत नाहीत, भाऊ. म्हणजे भावना तिथेही आहेच.

महालातली शिक्षिका
मला जपान आठवतं. युद्धाच्या काळात ज्या झेंड्याखाली पोरं मरायला पाठवली, त्याच्यापुढे उभं राहायला तिथल्या काही शिक्षकांनी नकार दिला. 1999 मध्ये हिरोशिमा भागातल्या एका मुख्याध्यापकाने या ओढाताणीत जीव दिला, त्याच वर्षी झेंडा आणि गीताचा कायदा झाला. पुढे टोकियोत न उठणाऱ्या शिक्षकांवर कारवाई होत राहिली. सक्तीने त्या शिक्षकांचं मन वळलं नाही.

आपल्याकडे केरळची तीन मुलं होती. राष्ट्रगीताला शांत उभी राहायची, पण धर्माच्या कारणाने गायची नाहीत. शाळेने काढून टाकलं. 1986 मध्ये सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं. मी हे दरवर्षी नववीला शिकवते आणि दरवर्षी वर्गात भांडण होतं. होऊ देते.

धरमपेठकर
कामठीच्या ताई, त्या घडीपुढे मी काय बोलणार? तिथे मी हात जोडतो. पण आपल्याच गावाचा इतिहास बघा. 1923 च्या मे महिन्यात जमनालाल बजाजांच्या पुढाकाराने इथे झेंडा सत्याग्रह सुरू झाला. सिव्हिल लाइन्समध्ये, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या वस्तीत, झेंडा न्यायला बंदी होती. लोक रोज तुकड्यांनी जात आणि पकडले जात. बजाजांना अटक झाली, तेव्हा वल्लभभाई पटेल आले. दीड हजारांवर माणसं तुरुंगात गेली, त्यांत विनोबाही होते. ऑगस्टमध्ये मिरवणूक झेंडा घेऊन त्याच रस्त्याने गेली. त्यांतल्या एकालाही कोणी "उठा" म्हणालं नव्हतं. उलट, "जाऊ नका" म्हणत होते.

कामठीहून
तुम्ही तुरुंगात गेलेल्यांची आठवण काढता आणि मला तेच म्हणायचंय. ज्याच्यासाठी ते गेले, त्याच्यासाठी 52 सेकंद उभं राहणं जड का वाटावं?

हिंगणा रोडवाला
जड नाही ताई. मी उभा राहतो, दरवेळी. फक्त शेजारचा उठला का नाही, हे पाहाले मान वळवत नाही.

महालातली शिक्षिका
गेल्या वर्षी 16 ऑगस्टला सकाळी शाळेसमोरच्या नालीतून आमच्या पोरांनी कागदाचे आणि प्लास्टिकचे सत्तावीस झेंडे वेचले. आदल्या दिवशी ते हातात घेऊन सगळे ताठ उभे होते. यंदा आम्ही फाटकाशी खोकं ठेवतोय, जाताना झेंडा त्यात टाकायचा. कामठीच्या ताई, तुम्ही 15 तारखेला येऊन मुलांना त्या घडीबद्दल सांगाल का?

कामठीहून
येते. काकूलाही विचारते.