व्हेनिस, ट्रेन आणि लेकुरवाळं बिऱ्हाड: तुमचे अनुभव सांगा

मुक्ता_म्युनिक
काल बातम्यांत व्हेनिसची गर्दी दाखवली. एका दिवसापुरतं येणाऱ्यांकडून आता प्रवेशशुल्क घेतात, त्याबद्दल होतं. बघता बघता आमची ट्रिप आठवली. सासूसासरे, दोन पोरं, आम्ही दोघं आणि दशम्यांची पिशवी. विमान स्वस्त दिसत होतं, पण सहा जणांच्या बॅगांचे पैसे आणि विमानतळापर्यंतचं भाडं धरलं तर ट्रेनच परवडत होती. तिकिटं बरीच आधी काढली होती. म्युनिकहून इन्सब्रुक, मग आल्प्समधला ब्रेनरचा घाट, व्हेरोनाला गाडी बदलून मेस्त्रे, म्हणजे व्हेनिस बेटाच्या अलीकडची, जमिनीवरची वस्ती.

बेटावर एका खोलीला जे पैसे मागत होते, तेवढ्यात मेस्त्रेत स्वयंपाकघरासकट घर मिळालं. तिथून लोकलने दहा-बारा मिनिटांत सांता लुचिया, म्हणजे बेटावरचं स्टेशन. मेस्त्रेची वस्ती संपते, गाडी पुलावर येते आणि एकदम दोन्ही बाजूंना पाणी. सासूबाईंनी सवयीने पर्समधून नाणं काढलं, कपाळाला लावलं, आणि बघतात तर खिडकी उघडणारीच नव्हती. ते नाणं मुठीत धरून त्या स्टेशनाबाहेर आल्या. बाहेर रिक्षा नाही, टॅक्सी नाही, पायऱ्या उतरलं की थेट ग्रँड कॅनॉल, तिथला मोठा कालवा. तिथे त्यांनी ते सोडलं आणि नमस्कार केला. शेजारी दोन इटालियन आज्या बसल्या होत्या, त्यांनीही मान लववली.

म्हाताऱ्या माणसांना, पोराबाळांना घेऊन ट्रेनने अशा गर्दीच्या शहरात गेला असाल तर लिहा. पैसे कुठे वाचले, कुठे गेले, सगळं.

चकली_भाजणी
आई गं, ते नाणं! माझी आजी गोदावरीच्या पुलावर अस्संच करायची. कुकर लावलाय, येते मागाहून.

रुळावरचा
मेस्त्रेहून व्हेनिसला जाणारा तो रेल्वेचा पूल १८४६ चा आहे! आपली बोरीबंदर-ठाणे १८५३ ची. तेव्हा व्हेनिसवर ऑस्ट्रियाचं राज्य होतं. शेजारचा मोटारींचा रस्ता पार १९३३ ला झाला. त्यामुळे या शहरात ट्रेनने शिरणं हीच खरी जुनी वाट, मला तर फार आवडतं. आणि ब्रेनरखाली ५५ किमीचा बोगदा खणतायत. तो झाला की गाड्या खालून जाणार, घाट दिसायचा नाही. ज्यांना जायचंय त्यांनी आत्ताच जा आणि खिडकी धरा.

सांजवात
रुळावरचा दादा, कोकण रेल्वेच्या बोगद्यांवर लिहिणार होतात त्याचं काय झालं? वाट बघतोय आम्ही.

दुपारची_झोप
शुल्काबद्दल थोडं, कारण घरोघरी घोळ होतो. २५ एप्रिल २०२४ ला सुरू झालं, पाच युरो. २०२५ पासून ऐनवेळी काढलं तर दहा. रोज नसतं, ठरावीक तारखांनाच, तेही दिवसाच्या वेळात. १४ वर्षांखालच्या मुलांना नाही. आणि मुक्ताताई म्हणतात ते मेस्त्रे व्हेनिसच्याच पालिकेत येतं, त्यामुळे तिथे मुक्काम असेल तर हे शुल्क माफ. फक्त ऑनलाइन नोंद करून कोड घ्यावा लागतो, तो मोबाइलमध्ये ठेवा.

कोयनाकाठ
बाबागाडी नेऊ नका!! चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या. आम्ही लेकीला सुती ओढणीत पाठीशी बांधलं, दिवसभर झोपली गुणी बाळ. वापोरेत्तो म्हणजे तिथली बोट-बस, एका वेळचे साडेनऊ युरो आणि ७५ मिनिटं चालतं. सहा वर्षांखाली फुकट. आम्ही एकदाच काढलं, १ नंबरची बोट, स्टेशनपासून सान मार्को या मुख्य चौकापर्यंत. ती प्रत्येक थांब्याला थांबते, म्हणूनच ती घ्या. सगळे वाडे निवांत दिसतात. बाकी सगळं पायी. गोंडोला परवडत नव्हता तर कालव्याच्या या काठावरून त्या काठावर सोडणारी त्राघेत्तो घेतली, दोन युरोत. पोरांच्या लेखी तोच गोंडोला.

नीरा_माई
मुक्ता, सासऱ्यांचे गुडघे कसे होते तेव्हा? माझ्या वडिलांना न्यायचंय. ते नको नको म्हणतात पण मनातून जायचंय त्यांना, मला कळतं.

मुक्ता_म्युनिक
@नीरा_माई गुडघे दुखतच होते गं. स्टेशनसमोरचा स्काल्झीचा पूल चढून उतरले आणि म्हणाले आता बास. मग त्यांना बोटीचं दिवसभराचं तिकीट काढलं, आमच्यात तेवढा एकच मोठा खर्च. सगळ्यांना काढायची गरज नाही. ज्याचे पाय दुखतात त्याला काढ. आणि ने तू वडिलांना, नक्की ने.

सातपुडा
साध्या लोकलचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये शिक्का मारायचाच. आमच्या समोर एका कुटुंबाला दंड झाला, बिचारी बाई रडायला लागली, पोरं भेदरून गेली. तिकीट काढलेलं होतं हो त्यांनी! फार वाईट वाटलं. ४ वर्षांखाली फुकट, १२ पर्यंत अर्धं.

हिरवा_चाफा
आम्ही पॅरिसला गेलो होतो, लिहिते रात्री. तोवर एवढंच की तिथल्या लूव्र संग्रहालयात १८ खालच्यांना फुकट आहे.

ओसरीवर
सान मार्कोच्या चौकात जमिनीवर बसून डबा उघडू देत नाहीत, दंड आहे. कबुतरांना दाणेही टाकायचे नाहीत, आईला ते फारच लागलं. स्टेशनच्या मागच्या कान्नारेज्जो भागात गेलो, सगळी गर्दी एकदम ओसरली. दोरीवर कपडे वाळत होते, एक आजोबा भाजी घेऊन चालले होते. जुन्या शहरात आता पन्नास हजारही लोक राहत नाहीत म्हणे. अशा ठिकाणी आपण हळू बोलावं, वाट अडवू नये, एवढं मुलांना मी सांगतेच. पाणी विकत घेऊ नका, चौकाचौकात नळ आहेत. स्वच्छतागृहाला मात्र दीड युरो, सुटे ठेवा.

चकली_भाजणी
आले. तुम्ही सगळं छान लिहिलंत, मी वेगळं काय सांगू. मुक्ता, मेस्त्रेच्या घरात थालीपीठ जमलं का? आम्हाला डिसेंबरात जायचंय, तवा नेऊ का?

मुक्ता_म्युनिक
तवा नको नेऊस, इंडक्शन होतं, आपला खोलगट तवा चालत नाही. तिथलंच सपाट पॅन वापरलं. भाजणी ने. बेसन सुपरमार्केटात मिळतं, 'फरिना दी चेची' लिहिलेलं बघ, पिठलं झकास होतं त्याचं.

चकली_भाजणी
आणि हिंग?

मुक्ता_म्युनिक
हिंग घरून. दोन पिशव्यांत बांध, नाहीतर सगळ्या कपड्यांना वास.