म्युनिकला खोली मिळत नाहीये, निघायच्या आधी पैसे भरू का?

उंबरठा:
नमस्कार. ऑक्टोबरपासून म्युनिकला मास्टर्स सुरू होतंय, वर्ग गार्चिंग कॅम्पसवर. व्हिसा आला, ब्लॉक्ड अकाउंटही (खर्चाचे पैसे आधीच भरायचे आणि दरमहा ठरावीकच हातात येतात ते खातं) भरून झालं, पण राहायचा पत्ता नाही. विद्यार्थ्यांची हॉस्टेलं चालवणाऱ्या श्टुडीरेन्डेनवेर्क या संस्थेकडे अर्ज केलाय, तिथे नुसतं वेटिंग दिसतंय.

आता एका साइटवर श्वाबिंगमध्ये सामानासकट अख्खा फ्लॅट मिळतोय, भाडं आजूबाजूच्या एका खोलीपेक्षाही कमी. मालक म्हणतात की ते नोकरीसाठी परदेशात असतात. डिपॉझिट आणि पहिलं भाडं पाठवलं की किल्ली कुरिअरने येईल. पासपोर्टची कॉपीही मागितली आहे. बाबा म्हणतात भरून टाक, डोक्यावर छप्पर तरी असेल. काय करू?

इझारकाठ:
पैसे पाठवू नकोस आणि पासपोर्टही नको. स्वस्त फ्लॅट, परदेशातला मालक, कुरिअरने किल्ली: दर वर्षी सप्टेंबर आला की फसवणुकीची हीच गोष्ट नव्याने फिरायला लागते. मजकूरही जवळपास तोच असतो, फोटो दुसऱ्या कुठल्या तरी जाहिरातीतून उचललेले. घर स्वतः किंवा ओळखीच्या कुणी पाहिल्याशिवाय, निदान व्हिडिओ कॉलवर दार उघडून आत फिरून दाखवल्याशिवाय आणि करारावर सही झाल्याशिवाय एक युरोही द्यायचा नाही. बाबांना हे सगळं वाचायला दे. त्यांची काळजी खरी आहे, म्हणूनच या लोकांचं फावतं.

आता खोली शोधताना काय बघायचं ते. भाडं आणि अंतर सगळेच बघतात. मी म्हणेन, पहिला प्रश्न एकच विचार: इथे आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी, करता येईल का? राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ब्युर्गरब्युरोमध्ये (नागरिकांच्या कामांचं पालिका कार्यालय) पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घर देणाऱ्याची सही असलेला कागद लागतो, वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. नाव लांबलचक, पण कागद एक पानी: घर देणाऱ्याचं नाव, पत्ता, तू राहायला आल्याची तारीख, तुझं नाव. त्याच्यावाचून पुढचं सगळं अडतं. टॅक्स नंबर नोंदणीनंतर पोस्टाने येतो, रेसिडेन्स परमिटलाही नोंदवलेला पत्ता लागतो. काही जण खोली देतात आणि नोंदणीला मात्र नाही म्हणतात. अशी खोली कितीही छान असली तरी सोड.

अजून एक, हे कुणी सांगत नाही. खाली टपालपेटीवर तुझं आडनाव हवं. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत नेतो. मी राहायला गेल्या दिवशीच कागदाच्या पट्टीवर नाव लिहून चिकटवलं होतं, कारण बँकेचं कार्ड आणि पिन दोन्ही त्याच पेटीत यायचं होतं.

पैशांचं: ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो असले तरी हातात महिन्याला ९९२ च येतात. डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या काल्टमीटेपर्यंत घेता येतं. काल्टमीटे म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे धरायच्या आधीचं भाडं. ती ७०० असेल तर डिपॉझिट २,१०० पर्यंत जाईल. ते ९९२ मधून निघणार नाही, वेगळे पैसे जवळ ठेव. डिपॉझिट तीन समान मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क कायद्यातच आहे, त्यामुळे विचारायला लाजू नकोस. जाहिरातीत वार्ममीटे, म्हणजे हीटिंग, पाणी वगैरे धरून भाडं, लिहिलं असेल तर वीज आणि इंटरनेट त्यात आहे का, तेही विचार.

हॉस्टेलच्या यादीतून नाव काढू नकोस. श्टुडेन्टेनश्टाट हे इथलं सगळ्यात मोठं विद्यार्थी वसाहतीचं ठिकाण, पण २०२१ ची आग आणि रखडलेल्या दुरुस्त्या यांमुळे तिथल्या काही उंच इमारती रिकाम्या कराव्या लागल्या, त्याचा ताण बाकी सगळ्या यादीवर पडला. तोवर त्स्विशेनमीटे बघ. कुणी सेमिस्टरभर बाहेरगावी जातं आणि तेवढ्यापुरती खोली देतं. चार-पाच महिन्यांची असली तरी नोंदणी होत असेल तर बेलाशक घे. पहिल्याच खोलीत पदवीपर्यंत राहायचं असं कुणाचंच होत नाही.

आणि श्वाबिंगचा हट्ट सोड. तुझे वर्ग गार्चिंगला, म्हणजे यू-६ या मेट्रो मार्गाच्या उत्तर टोकाला. फ्रायमान, गार्चिंग गाव, थोडं बाजूला इस्मानिंग, उंटरश्लाइसहाइम असं शोध.

भटकी:
इझारकाठ यांनी सगळं लिहिलंच आहे. मी फक्त वेगेबद्दल, म्हणजे तिघाचौघांनी मिळून घेतलेल्या फ्लॅटबद्दल सांगते. तिथे खोली मालक नाही, राहणारी मुलं देतात. एका जाहिरातीला ढिगाने मेसेज येतात. सगळ्यांना एकच मजकूर चिकटवलास तर उघडूनही बघणार नाहीत. जाहिरात नीट वाच. त्यांनी मांजर आहे लिहिलं असेल तर मांजराचा उल्लेख कर, रविवारी एकत्र जेवतात लिहिलं असेल तर तू काय करू शकतेस ते लिही. पहिल्या चार ओळी जर्मनमध्ये, मोडक्या चालतील. मग व्हिडिओ कॉल होतो. तिथे आमच्याकडे तरी पहिली चौकशी साफसफाईचीच असते: फ्रीजवर तक्ता लावलाय, तुझ्या आठवड्यात बाथरूम तू घासशील ना?

उंबरठा:
दादा, ताई, खूप आभार. बाबांनी दोनदा वाचलं. त्या माणसाला नकार कळवला, तर लगेच "दुसरा विद्यार्थी तयार आहे, आज रात्रीपर्यंतच" असं उत्तर आलं. एक शंका: तोपर्यंत काहीच मिळालं नाही तर यूथ हॉस्टेलमध्ये उतरले तर चालेल?

इझारकाठ:
चालेल, पण बुकिंग आत्ताच करून ठेव. सप्टेंबरच्या शेवटी ऑक्टोबरफेस्ट असतो, तेव्हा दर दुपटीच्या पुढे जातात आणि खाटाही मिळत नाहीत. यूथ हॉस्टेलच्या पत्त्यावर नोंदणी होईल असं धरून चालू नकोस. त्या माणसाला आता उत्तर देऊ नकोस, जाहिरातीखाली तक्रारीचं बटण असतं तिथे कळव.

उंबरठा:
कळवलं. उद्या वेगेसाठीचा मेसेज जर्मनमध्ये लिहून इथे टाकते. कुणी व्याकरण बघून द्याल का?

भटकी:
टाक, मी बघते. जाहिरातीचा मजकूरही सोबत टाक.