मदत हवी आहे: पांढऱ्या कोटाची भीती कशी घालवायची?

मंडळी, आमची धाकटी आधी इंजेक्शनला रडायची, आता नुसता पांढरा कोट दिसला तरी भोकाड पसरते. परवा तर कुणाच्या तरी पांढऱ्या शर्टावरून रडारड! पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांचं अभिजात अभिसंधान (दोन गोष्टी वारंवार सोबत आल्या की एकीची प्रतिक्रिया दुसरीलाही जडते) ते हेच, एवढं कळलं. वॉटसन-रेनर या मानसशास्त्रज्ञांनी १९२० मध्ये छोट्या अल्बर्ट या बाळाच्या मनात पांढऱ्या उंदराची भीती बसवली, ती सशापर्यंत पसरली. (वाचून संतापच आला.)

सुईविना कोट दाखवत राहिलं तर भीती विझते, पण मध्ये खंड पडला की पुन्हा डोकं वर काढते म्हणे. मग मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये सशाला घाबरणाऱ्या पीटर या मुलाला खाऊ देत ससा हळूहळू जवळ आणला, तसं करावं का? कोट आधी दाखवायचा की खाऊ? क्रम चुकला तर खाऊच नकोसा व्हायचा! कुणी करून पाहिलंय?