मदत हवी आहे: दोन्ही चाकं एकदम काढताना गाडी कशावर टेकवू?

पारोळा_कापूस: चाकाच्या तारा कसायला दोन्ही रिम पारोळ्याला न्यायच्यात, एकाच फेरीत. मागचं चाक निघालं. पुढच्याच्या नटाला पाना लावून जोर दिला तर गाडी डुलायला लागली. पुतण्या हँडल धरून उभा आहे. लवकर सांगा.

अमळनेरचा_भो: गाडी कोनती शे, भाऊ? मेन स्टँडवर का साइड स्टँडवर? आणि आधी पोराला बाजूला घ्या.

पारोळा_कापूस: स्प्लेंडर. मेन स्टँडवरच, दुसऱ्या कशावर असणार?

रावेर_बागायत: इंजिनाखाली केळीचे दोन क्रेट घाला. मी नेहमी असंच करतो.

शिरपूर_गॅरेज: क्रेट नको! गाडी ११२ किलोची. मागचं चाक गेलं म्हणजे मागचं वजन गेलं, गाडी पुढच्या चाकावर रेलली. आता तेही काढलं तर ती फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांवर, आपटेल.

रावेर_बागायत: भरलेले क्रेट ट्रकात एकावर एक रचतो आम्ही, कधी फुटले नाहीत.

शिरपूर_गॅरेज: तिथे भार चारही कडांवर येतो. इथे मधोमध टेकणार, चिरेल.

भुसावळ_३५०: शेडच्या पाइपाला दोर टाकून टांगा.

अमळनेरचा_भो: पत्र्याच्या शेडचा पाइप वाकतो, नका सांगू असं कोणाला.

चाळीसगाव_रायडर: तारा कसण्यापेक्षा अ‍ॅलॉयची बिनतारांची चाकं टाका. कटकटच मिटते.

शिरपूर_गॅरेज: त्यांनी ते विचारलेलं नाही. पारोळाभाऊ, खाली जमीन कशी आहे?

पारोळा_कापूस: खळ्यात आहे. काळी माती, सकाळीच पाणी मारलंय.

शिरपूर_गॅरेज: हे आधी सांगायचं ना! स्टँडचा एक पाय रुतत असणार, म्हणून डुलतेय. मागचं चाक परत बसवा, गाडी ओट्यावर घ्या. दोन्ही नट चाकं जमिनीवर असतानाच ढिले करा, स्टँडवर चढवून जोर लावायचा नाही. मग मेन स्टँड लावून तो पुढच्या फ्रेमला दोराने बांधा, म्हणजे धक्क्याने मागे मिटणार नाही. इंजिनाखाली जाड फळी आणि जॅक. ऑइल काढायचा ड्रेन नट आणि सायलेन्सरवर भार नको. मगच पुढचं चाक, शेवटी मागचं.

पारोळा_कापूस: ओट्यावर घेतली. नट ढिले झाले, स्टँड बांधला. पण जॅक ट्रॅक्टरचा, पूर्ण खाली केला तरी इंजिनाखाली शिरत नाही.

रावेर_बागायत: विटा रचा मग.

शिरपूर_गॅरेज: विटा अचानक फुटतात. आज एकच चाक न्या, पुढचं. सीटच्या मागच्या टोकाला वजन बांधा, मागचं चाक जमिनीला टेकलं की पुढचं उचलतं. तरी इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा ठेवाच.

पारोळा_कापूस: ढेपीचं ५० किलोचं पोतं आहे. चालेल?

शिरपूर_गॅरेज: चालेल. दोराने घट्ट आवळा, आणि पुढच्या चाकाला येणारी मीटरची केबल आधी सोडवा.

पारोळा_कापूस: निघालं. ठोकळ्यावर टेकलीय, हलत नाही. मागचं उद्या नेतो.