मदत हवी आहे: कोर्ने कीबोर्डच्या उजव्या भागात एक उभी ओळ बंद

नमस्कार मंडळी,

दिवसभर टायपिंग करून मनगटं दुखायला लागली, म्हणून कोर्नेचं किट आणून दोन भागांचा, 42 कींचा कीबोर्ड स्वतः जोडला. प्रत्येक कीला एक याप्रमाणे 42 डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे छोटे भाग) सोल्डर केले, क्यूएमके (कीबोर्ड चालवणारं सॉफ्टवेअर) टाकलं. डावा भाग पहिल्याच फटक्यात सुरू झाला, त्या क्षणी झालेला आनंद सांगता येणार नाही!

उजव्या भागात मात्र पी, अर्धविराम आणि तिरपी रेघ, अशी एकाच उभ्या ओळीतली तीन बटणं उठतच नाहीत. बाकी सगळी ठीक.

स्विच बदलून पाहिले. स्विच ज्यात बसतो त्या सॉकेटची दोन टोकं चिमट्याने जोडली, तरी अक्षर नाही. डायोडची दिशा बरोबर आहे. उजवा भाग थेट यूएसबीला लावला तरी तेच, म्हणजे दोन्ही भाग जोडणाऱ्या टीआरआरएस केबलचा दोष नसावा. (ती केबल वीज चालू असताना काढू-घालू नका, शॉर्ट होऊ शकतं.)

माझा संशय प्रो मायक्रोच्या (म्हणजे कीबोर्डच्या कंट्रोलर बोर्डाच्या) त्या ओळीच्या पिनवर आहे. सोल्डरचा टाका कच्चा आहे की पिनच गेली, हे मल्टिमीटरने नेमकं कसं ओळखायचं? कंट्रोलर सॉकेटशिवाय थेट सोल्डर केलाय, तेव्हा काढायची वेळ आलीच तर बोर्डावरचे पॅड (सोल्डर बसतं ते धातूचे ठिपके) न उखडता 24 पिना कशा सोडवायच्या? माझ्याकडे साधी सोल्डरिंग गन, वितळलेलं सोल्डर ओढून घ्यायचा हातपंप आणि ते टिपायची तांब्याची जाळीपट्टी आहे, हॉट एअर नाही. पुण्यात कोणी समोर बसून दाखवणार असेल तर मी कीबोर्ड घेऊन येतो.